माझी आवडती मालिका : ड्रॅगन बॉल झी आणि कापलेलं चित्र



"माझी आवडती मालिका" हा निबंध तुम्ही चौथीपासून लिहीत आलाय. आज माझी पाळी. आणि मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे निबंधात थोडं गुणोत्तर येणार, त्याला इलाज नाही.

माझी आवडती मालिका आहे ड्रॅगन बॉल झी. लहानपणी कार्टून नेटवर्कवर हिंदीतून बघायचो. गोकू हवेत उभा राहून ओरडायचा, केस ताठ आणि सोनेरी व्हायचे, आणि एक मारामारी आठवडाभर चालायची. आईला वाटायचं, रोज तोच भाग लागतो की काय! ही मालिका जपानची. अकिरा तोरियामा यांच्या चित्रकथेवरून तोएई अ‍ॅनिमेशनने ती बनवली. 1989 ते 1996 या काळात जपानच्या फुजी टीव्हीवर तिचे 291 भाग दाखवले गेले. सगळं हातानं रंगवून फिल्मवर उतरवलेलं. गोकूला आवाज देणाऱ्या मासाको नोझावा या एक बाई आहेत, हे कळल्यावर मी दोन दिवस ते कोणाला सांगितलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. जपानमध्ये तिचे चित्रपट कॅसेटवर आले, पण टीव्हीवरची ही मालिका घरी ठेवायला मिळाली ती थेट 2003 मध्ये, दोन मोठ्या डीव्हीडी पेट्यांतून. अमेरिकेत फनिमेशन कंपनीने 2007 पासून नऊ संच काढले. बाहेरून नारिंगी रंगाचे आणि जाडजूड, म्हणून चाहते त्यांना "नारिंगी विटा" म्हणू लागले. स्वस्त होते, सगळे भाग होते. पण तेव्हा घरोघरी रुंद टीव्ही येऊ लागले होते आणि जुनं चित्र होतं 4:3 चं. रुंद पडद्यावर ते लावलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. म्हणून कंपनीने चित्रच 16:9 चं केलं.

कसं केलं असेल? वही काढा बघू. 8 सेमी रुंद आणि 6 सेमी उंच चौकट आखा. हे झालं 4:3. आता रुंदी तशीच ठेवून ती 16:9 करायची, तर उंची किती हवी? साडेचार सेमी. म्हणजे वरून पाऊण आणि खालून पाऊण सेमी गेलं. चित्राचा चौथा हिस्सा! आता गोकूचे ते ताठ केस आठवा. चित्रकाराने ते चौकटीत बसवूनच काढले होते. कापलं की आधी केसांची टोकं जातात आणि खालून पाय जातात. मारामारीच्या मालिकेत पायच नाहीत म्हटल्यावर काय राहिलं?

भरीस भर म्हणून फिल्मचे बारीक कणही पुसले गेले, "स्वच्छ" दिसावं म्हणून. मला हे कापण्यापेक्षाही जास्त खटकतं. कापलेलं निदान लगेच दिसतं. पुसलेलं दिसत नाही, नुसतं चित्र गुळगुळीत होतं आणि बघणाऱ्याला वाटतं ते असंच असेल.

तुम्ही म्हणाल, सर, कार्टूनच आहे ना, एवढं काय त्यात?

मागच्या वर्षी निरोप समारंभात आपण वर्गाचे फोटो मोठ्या टीव्हीवर लावले होते, आठवतं? कोणीतरी रिमोटवरून "झूम" केलं, पडदा पूर्ण भरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, मी नाहीये यात." खाली सतरंजीवर बसलेली अख्खी रांग गेली होती. पाच मुली आणि दोन मुलगे. मी झूम काढलं. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या आणि रांगही आली.

चाहत्यांनीही तेच मागितलं. फनिमेशनने 2009 ते 2011 या काळात जपानी पेट्यांवरून सात संच काढले, मूळ 4:3 मध्ये. पहिल्या सहांत 42-42 भाग, शेवटच्यात किती ते तुम्हीच काढा. पण पुढे 2013 मध्ये ब्ल्यू-रे आली तेव्हा चित्र पुन्हा कापलेलं! रुंद पडदा भरलेला बघायला आवडणारे लोकही असतात, आणि दुकानात त्यांचेही पैसे चालतात. हे मला पटत नाही, पण कळतं.

तोरियामा 1 मार्च 2024 रोजी गेले. त्या आठवड्यात मी पुन्हा काही भाग बघितले, पट्ट्यांसकट. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, टीव्ही बिघडलाय का?" मी तिला वही आणायला सांगितलं.