रिकामा रकाना

भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणीची वसाहत आहे. तिथल्या वैशाखातल्या दुपारी मैदानावर क्रिकेट खेळणे म्हणजे जिवाशी वैर. म्हणून आम्ही भावंडे घरातच, इतिहासाच्या पुस्तकावर सामने खेळत असू. पुस्तक झटकन उघडायचे आणि डाव्या पानाचा शेवटचा आकडा पाहायचा. दोन, चार, सहा आले तर तितक्या धावा, आठ आले तर एक, आणि शून्य आले की गडी बाद! संघ आठ. प्रत्येक गोलंदाजाची सरासरी दादाच्या लाल वहीत.

एकदा माझ्या संघातल्या बदली गोलंदाजाने एकच षटक टाकले आणि सहा धावांत तीन गडी घेतले. सरासरी दोन, तक्त्यात पहिला! दादाने लगेच फर्मान काढले, वीस षटकांच्या आतला गोलंदाज क्रमवारीत धरायचा नाही. भांडण असे पेटले की आईला लाटणे घेऊन यावे लागले.

पुस्तकाला गोलंदाज कोण हे कुठे ठाऊक असते? पाच आकड्यांपैकी एक बळीचा, उरलेल्या चारांच्या मिळून धावा तेरा. म्हणजे भरपूर षटके टाकणारा कोणीही असो, हळूहळू तेराच्या आसपासच यायचा. अगदी वर आणि अगदी खाली दिसतात ते थोडके टाकणारेच.

दादाचा मुलगा अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडे बेसबॉलचे असेच फाशांचे आणि पत्त्यांचे खेळ आहेत. ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ तर १९६१पासूनचा. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, नऊ डावांमागे किती धावा देतो ती त्याची सरासरी. क्षेत्ररक्षकाच्या चुकीने झालेल्या धावा त्याच्या नावावर लावत नाहीत. ऐन अडचणीत बोलावतात तो रिलीफ पिचर. तो येण्याआधीच मैदानात उभा असलेला गडी पुढे धाव काढून गेला, तर ती आधीच्या पिचरच्या खात्यात! नव्याची पाटी कोरी. शिवाय तो टाकणार मोजके डाव. म्हणूनच तिकडच्या मुख्य स्पर्धेत या सरासरीच्या मानासाठी हंगामात १६२ डावांची अट आहे. दादाची वीस षटकेच की ती!

पण दादाच्या वहीत एक पान खेळाचे नव्हते. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्धची कसोटी. नाशिकचे बापू नाडकर्णी : ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सलग २१ षटके निर्धाव! त्याच डावात चंदू बोर्ड्यांना ८८ धावांत ५ बळी मिळाले. एका बाजूने फलंदाज जखडून ठेवलेला. त्या पाचांत बापूंचा वाटा किती, कोणी सांगावे? आणि सरासरी? पाचाला शून्याने भागता येत नाही. पाच धावा देणारा मनुष्य क्रमवारीत बसतच नाही.

दादा गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. मागच्या दिवाळीत पुतण्या आला तेव्हा तिचे आकडे संगणकात भरायला बसला. बापूंच्या पानावर येऊन थबकला.

“काका, इथे सरासरीचा रकाना रिकामाच आहे. काय भरू?”

“काही भरू नकोस,” मी म्हटले, आणि चकलीची बशी त्याच्याकडे सरकवून मद्रासपासून सुरुवात केली.