समुद्राचे तिकीट

आमच्या अहमदपुरास समुद्र नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी आले तरी आम्ही धन्यता मानतो. असे असता परवा कन्येने तिकिटांची वही पुढे करून विचारले, "बाबा, नौदलाची पाहणी म्हणजे काय हो?"

तिकीट २०२२ सालचे. त्या वर्षी २१ फेब्रुवारीस विशाखापट्टणमला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी 'आयएनएस सुमित्रा'वरून साठाहून अधिक जहाजांची व पाणबुड्यांची मानवंदना घेतली. निमित्त स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचे. मी मास्तरी थाटात १९४७ पासून हिशेब मांडू लागलो.

"पण आपल्याकडे तर १७ सप्टेंबर १९४८ ना?"

झाले! मराठीचा प्राध्यापक निरुत्तर. तेरा महिने आम्ही निजामाच्याच राज्यात होतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि घरी विसरतो.

मग आजोबांची ट्रंक उघडली. ते औरंगाबादच्या तुरुंगात असताना आजीने कुणाकडून तरी लिहवून घेतलेले पत्र निघाले. पाकिटावर निजामाचे तिकीट; आत एवढेच : "म्हैस व्याली. बाकी खुशाल."

"बाकी म्हणजे काय?" कन्येने विचारले. मला सांगता येईना. तिने ते पाकीट वहीत जहाजांच्या आधीच्या पानावर ठेवले.