भिंतीतली ओल

मराठीत ‘ओल’ हा शब्द शेतात सुखाचा आणि घरात काळजीचा आहे. मृगाचा पाऊस वीतभर मुरला की ‘ओल आली’ असे म्हणत शेतकरी पेरणीला लागतो. तेच शब्द श्रावणात माजघराच्या भिंतीकडे पाहून उच्चारले जातात, तेव्हा बोलणाऱ्याचा आवाज खाली गेलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यात वाघाडी नदीच्या काठी वसलेल्या घाटंजीत आणि भोवतालच्या कापूसपट्ट्यात हे दोन्ही अर्थ एकाच मातीतून निघतात, आणि म्हणून तेथील घरांना पाण्याने होणारी इजा समजून घ्यायची तर छपराआधी पायाकडे पाहावे लागते.

ही काळी माती बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाची, झीज होऊन बनलेली आहे. तिच्यातील चिकणखनिजांचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे एकमेकांवर रचलेले असतात. पानांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि वैशाखात ते उडून गेले की हात आत जाईल एवढ्या भेगा पडून ती आकसते. कपाशीचे सोटमूळ या साठवणीवरच दोन पावसांमधली उघाड निभावून नेते, पण घराला जमिनीचे हे फुगणे-आकसणे सोसत नाही. पाया एका बाजूने उचलला जातो, भिंतीला तिरकी चीर पडते आणि पुढच्या पावसाळ्याला त्या चिरेतून आयती वाट मिळते. काळी माती उकरून मुरूम, म्हणजे खडक कुजून झालेला घट्ट भरड थर, लागेपर्यंत पाया खाली नेण्याचा जाणत्या गवंड्याचा हट्ट याच अनुभवातून आलेला आहे.

चिरेतून शिरणारे पाणी निदान दिसते. न दिसणारे पाणी खालून चढते: दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते विटेच्या आणि मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर येते, या क्रियेला केशाकर्षण म्हणतात, आणि येताना जमिनीतले क्षार विरघळवून सोबत आणते. पृष्ठभागाशी पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंगाचे पोपडे, पाठोपाठ गिलावा, सुटू लागतो. लोक त्याला ‘लोणा लागला’ असे म्हणतात. हिमालयापलीकडच्या थंड वाळवंटात, लेहसारख्या वर्षाकाठी सुमारे 100 मिलिमीटर पाऊस होणाऱ्या प्रदेशात, हेच काम बर्फ करतो, कारण गोठताना पाणी जवळजवळ 9 टक्के फुगते आणि भिंतीची छिद्रे आतून फोडते. घाटंजीत पाणी गोठत नाही. तेथे मीठच बर्फाचे काम करते, आणि तेही भिंत सुकत असताना, म्हणजे घरधनी आता संकट टळले असे समजू लागतो त्या दिवसांत. लेहची सपाट मातीची धाबी विरळ पावसाच्या भरवशावर बांधलेली. ऑगस्ट 2010 मधल्या ढगफुटीच्या रात्री तो भरवसा तुटला आणि चिखलाच्या लोंढ्याने घरेच्या घरे नेली. विदर्भातल्या घराला असा भरवसा कधीच नव्हता, म्हणून त्याने कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, उतरते छप्पर आणि भिंतीबाहेर हातभर येणारी वळचण स्वीकारली.

लोणा लागलेल्या भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा चढवण्याची रीत आज सर्रास दिसते आणि ती खेदाची आहे. सिमेंट बाहेरचे पाणी अडवते तसेच आतलेही अडवते. बाहेर पडायला जागा न मिळालेली ओल आणखी वर चढते आणि गुडघ्याइतकी असलेली रेषा कमरेपर्यंत जाते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. तो ओल बाहेर सोडतो आणि क्षारांचा मार स्वतःवर घेतो, आणि काही वर्षांनी तो खरवडून नवा लावला की भिंत वाचते. ज्या जिल्ह्यात वणीजवळच्या राजूरसारख्या गावी चुनखडी निघते, त्या जिल्ह्यात चुन्याचा हात जाणणारा गवंडी शोधावा लागावा, हे मनाला लागते.

कोलामांच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्त्यांवर, बांबूचा किंवा पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, कुड आणि त्यावर माती-शेणाचा लेप अशी भिंत असते. झड लागली, म्हणजे पाऊस दिवसचे दिवस थांबेना, की तिचा लेप गळतो, पण उघाड पडताच ती दोन्ही अंगांनी सुकते आणि घरातल्या हातांनीच पुन्हा लिंपली जाते. तिला कच्ची म्हणण्याची सवय सरकारी कागदांनी लावली. ओलीशी वागण्याच्या बाबतीत ती पुष्कळ शहाणी आहे.

या पट्ट्यात घराची ओल माणसांपुरती राहत नाही, कारण वेचणी झालेला कापूस भावाची वाट पाहत घरातच साठतो. खरेदी केंद्रावर ओलाव्याची मोजणी होते. 8 टक्क्यांवर गेला की भाव कापला जातो आणि 12 टक्क्यांवर गेला की माल नाकारला जातो. कवेलू सरकून अवकाळीचा एक ओघळ ढिगात उतरला किंवा भिंतीची ओल तळाच्या थराला लागली, तर पांढरा कापूस पिवळसर पडतो आणि वर्षाच्या कमाईवर डाग बसतो. म्हणून दिवाळीआधी भिंती पोतारून झाल्या, की कापसासाठी मोकळ्या केलेल्या खोलीत घरची म्हातारी आधी भिंतीला उघडा तळहात लावून पाहते, गारवा जाणवला तर हात बराच वेळ तेथेच ठेवते, आणि मग ढीग कुठून सुरू करायचा ती रेघ पायाच्या अंगठ्याने सारवणावर, भिंतीपासून हातभर अलीकडे, ओढून देते.