बाईला सवलत, सायकलीला नाही

अहेरीत रेल्वे नाही. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणजे एक वडसा, आणि ते आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वडसा-गडचिरोली मार्गाचं काम चालू आहे, पण तो झाला तरी अहेरी दूरच राहणार. म्हणून नागपूरला जायचं असलं की आमच्याकडचे लोक आष्टी, गोंडपिपरीवरून बल्लारशा गाठतात आणि तिथं गाडी पकडतात. गाडीत सायकल कशी न्यायची, हे मात्र मला रेल्वेच्या आधी एस.टी.नं शिकवलं.

अहेरी डेपोची बस भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडे जाते, पण वाटेवरच्या प्रत्येक गावात शिरत नाही. फाट्यावर सोडते. तिथून पुढं जंगलातली वाट. सोबत तांदळाचा कट्टा असेल किंवा दवाखान्यातून आणलेलं माणूस असेल, तर ती वाट पायी उरकत नाही. म्हणून लोक सायकल टपावर टाकून आणतात आणि फाट्यावर उतरले की तिच्यावर सामान लादून गाव गाठतात. घरात सायकल एकच असते. सकाळी ती भावाला हवी, दुपारी वडिलांना. फाट्यावर एक आणि अहेरीत एक ठेवायची चैन कोणाला परवडते?

टपावर सायकल बांधणं हे कौशल्य आहे. ती आडवी झोपवायची, हँडल ढिलं करून चाकाच्या रेषेत वळवायचं, पायडल कॅरिअरच्या दांड्यांमधून खाली सोडायचं, म्हणजे ती सरकत नाही. बांधायला दोर वापरायचा नाही. खड्ड्यांच्या दणक्यानं दोर ढिला पडतो. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधायच्या. रबर सैल होत नाही. आणि उन्हाळा असेल तर चाकातली हवा थोडी सोडायची. मे महिन्यात टपाचा पत्रा असा तापतो की भरलेली ट्यूब फुटायला वेळ लागत नाही.

माझी सायकल मानव विकास मिशनची. आठवी ते बारावीतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना ती मिळते. त्याहून लांबच्या मुलींसाठी निळी बस. मी नागेपल्लीहून अहेरीला शाळेत तिच्यावरच जायची. पुढं बी.कॉम. झालं आणि नागपुरात इतवारीतल्या एका ठोक दुकानात हिशेबाचं काम मिळालं. खोली मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिंगणा रोडवर. बाबा म्हणाले, "तिथंच घे एखादी सायकल." मी म्हटलं, "कशाच्या भरवशावर? पहिला पगार तर होऊ द्या."

एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. कंडक्टरदादांनी माझं तिकीट दिलं आणि सायकलीचं लगेज वेगळं लावलं. वर हसून म्हणाले, "बाईला सवलत आहे जी, सायकलीला नाही." बल्लारशाला पार्सल ऑफिसात तिची पावती केली. सीटखाली एका पुठ्ठ्यावर माझं नाव, तिकीट नंबर आणि "नागपूर" असं ठळक लिहून बांधलं. हमालानं ती ब्रेकच्या डब्यात चढवली आणि मी जनरलच्या डब्यात. नागपूरला उतरून ती ताब्यात घेईपर्यंत माझा जीव त्या डब्यातच होता.

नागपूर मेट्रोत सायकल नेऊ देतात, हे मैत्रिणीनं सांगितलं होतं. महामेट्रोनं पुण्यातही ती मुभा दिली आहे. मुंबईत मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गांवरही ती मिळाली. नागपुरातल्या चारही दिशांच्या मार्गांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी पुरा झाला आणि ॲक्वा लाइन प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत सलग धावू लागली. माझी खोली एका टोकाला आणि दुकान अग्रसेन चौकाजवळ, दोन्ही याच लाइनवर. गाडी बदलायची भानगड नाही.

पिशवी मशीनमधून जाते, सायकल जात नाही. गार्डनं तिच्या दांड्यावरून, सीटखालून हातातलं यंत्र फिरवलं आणि रुंद गेट उघडून दिलं. सायकलीचे वेगळे पैसे मागितले नाहीत. लिफ्टमध्ये ती सरळ मावेना, तर पुढचं चाक वर उचलून उभी केली. डब्यात खरी परीक्षा. मेट्रो सुटताना आणि थांबताना स्टँडवरची सायकल पुढं-मागं होते, म्हणून दोन्ही ब्रेक दाबून, मांडी दांड्याला टेकवून उभं राहायचं. सीताबर्डीला दोन लाइन मिळतात, तिथं अर्धा डबा उतरतो आणि तेवढाच चढतो. एका मावशींनी पदर सावरत विचारलं, "साडीले ऑइल लागन ना व बाई?" दुसऱ्या दिवशीपासून मी चेनवर जुन्या ओढणीचा तुकडा गुंडाळू लागले. मावशी पुन्हा भेटल्या तेव्हा त्यांनी आधी ओढणी पाहिली आणि मग सरकून जागा दिली.

जागा देणारे भेटतात, पण संध्याकाळच्या गर्दीत सायकल म्हणजे तीन माणसांची जागा. लंडनच्या मेट्रोत म्हणूनच गर्दीच्या वेळी घडी न होणारी सायकल चालत नाही. सायकलींचा देश म्हणवणाऱ्या नेदरलँड्समध्येही तोच नियम. तिथं सायकल गाडीत चढवण्यापेक्षा स्टेशनावर ठेवण्याची सोय मोठी केली. उट्रेख्ट स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली राहतील एवढा तळ आहे. आपल्याकडे हे मुंबईच्या डबेवाल्यांनी कधीचं ओळखलं. डब्यांचे क्रेट लोकलच्या मालडब्यात चढतात, सायकल चढत नाही. एक सायकल घराकडच्या स्टेशनावर, एक ऑफिसाकडच्या. गाडीत जातो फक्त माल.

पगार झाल्यावर मीही तेच केलं. इतवारीत एक जुनी सायकल घेतली, ती अग्रसेन चौकाकडे राहते. शाळेची सायकल लोकमान्यनगरला. मेट्रोत सायकल नेणं मी जवळजवळ सोडून दिलं. पण पहिल्या महिन्यात ती मुभा नसती, तर खोलीपासून स्टेशन आणि स्टेशनपासून दुकान अशा दोन्ही ऑटोंमध्ये माझा अर्धा पगार गेला असता. दोन सायकली असणाऱ्याला मेट्रोची मुभा म्हणजे हौस. ज्याच्याकडे एकच आहे, त्याला ती पोटापाण्यासाठी लागते.

म्हणून मला राहून राहून आमच्या डेपोची काळजी वाटते. नव्या येणाऱ्या बऱ्याच बसगाड्यांना मागं शिडी नाही, वर कॅरिअर नाही. बाजूची डिकी आहे, तिच्यात सायकल मावत नाही. शहरात सायकलीसाठी लिफ्ट झाली, जिथं घरात एकच सायकल आहे तिथली शिडी गेली. गाडी सुंदर असावी, माझं काही म्हणणं नाही. अमेरिकेत शहरी बसच्या पुढच्या बाजूला दोन सायकलींचं लोखंडी रॅक असतं. प्रवासी स्वतः चढवतो, स्वतः उतरवतो. भामरागड आणि सिरोंचा मार्गावरच्या गाड्यांना तेवढं एक रॅक बसवलं तरी पुरे. लगेजचे पैसे लोक आजवर देत आले आहेत, पुढंही देतील.