लोकर आणि बाराखडी

नोकरीनिमित्त घाटंजीला आलो तेव्हा आमची लेक सात वर्षांची होती. शहरातील एका खासगी वाल्डॉर्फ शाळेत ती लोकर विणायला, मेणाच्या खडूंनी रंगवायला शिकली होती. आजोबांनी पुढे केलेले वर्तमानपत्र मात्र तिला वाचता येईना. आम्ही मराठीचे प्राध्यापक; मान खाली गेली. १९१९ साली श्टायनर यांनी स्टुटगार्टला पहिली वाल्डॉर्फ शाळा काढली ती सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी. आम्ही शुल्क भरले ते कर्ज काढून! हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार गांधीजींनी १९३७ साली शेजारच्या वर्ध्यात मांडला होता, हेही तेव्हा आठवले नाही.

बाराखडी तिने पुढे चार महिन्यांत गिरवली. परवा शेतात तिने बोंडातला कापूस चिमटीत धरून पीळ देत धागा काढला. आजोबा पाहतच राहिले.