गुडघ्याला बाशिंग

मराठी भाषेने गुडघ्याला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. लग्नाला उतावीळ झालेला नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, हरलेला माणूस गुडघे टेकतो, आणि ज्याची अक्कल बेताची त्याचा मेंदू गुडघ्यात असतो. वर्गात हे सारे मी मजेने सांगत आलो आहे. आमच्या आईचे गुडघे बोलू लागले तेव्हा मात्र या अवयवाकडे जरा अदबीने पाहावे लागले.

आई ७४ वर्षांची. आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याच्या धास्तीने तिने आधी देऊळ सोडले, मग भजनी मंडळ, आणि शेवटी भाजी आणणेही माझ्याकडे आले. (मी आणलेली भाजी तिला पसंत पडत नाही, हे दुःख गुडघ्याहून मोठे!)

दुखणे जाहीर झाले की घरात वैद्यांची वाण पडत नाही. शेजारच्या काकूंनी तेल दिले, मावशीने मेथीचे लाडू. तेल चोळून बरे वाटते, ते उबेने आणि मायेच्या हाताने. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. तिला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती एकदा झिजली की नीटशी सांधत नाही. लोक म्हणतात, वंगण संपले. शब्द झकास आहे, पण या दुखण्यात हाडांचा, स्नायूंचा आणि सांध्याच्या अस्तराचाही वाटा असतो.

अस्थितज्ज्ञांनी ऑपरेशनचे नाव आधी काढलेच नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर ताबा, आणि दुखेल तेव्हा लावायला वेदनाशामक मलम. पोटात घ्यायच्या गोळ्या जपून, कारण त्या जठराला आणि मूत्रपिंडांना बाधतात. वजन एक किलो उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हा २००५ सालच्या एका अमेरिकन संशोधनातला हिशेब ऐकून आईने चहातली साखर निम्मी केली. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा आराम काही आठवड्यांचा. दुर्बिणीने सांधा धुऊन काढण्याचे एकेकाळी फार प्रस्थ होते. पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काही रोग्यांना नुसतीच चीर देऊन टाके घातले, तर त्यांनाही तेवढाच आराम पडला!

राहता राहिले गुडघे बदलणे. २००० साली पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीमध्ये बदलला, आणि हा विषय घरोघर पोहोचला. २०१७ साली सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली; सर्रास वापरला जाणारा, दीड लाखाच्या घरातला सांधा ५४,७२० रुपयांवर आला. शंभरांतले ऐंशीएक सांधे २५ वर्षे टिकतात, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते.

आईने हे सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "डॉक्टर, पुन्हा पाटावर मांडी घालून बसता येईल का?"

"आजी, चालाल, जिनाही चढाल. जमिनीवर बसण्याचे वचन मात्र देत नाही."

पन्नास वर्षे पाटावर बसून पूजा केलेल्या बाईला जिना हवा की पाट, हे मुलाने कोणत्या तोंडाने सुचवावे? मी गप्प बसलो. घरी आल्यावर तीच म्हणाली, "अरे, तीन महिने व्यायाम करून बघते. मग काय ते ठरवू."

आता रोज सकाळी खुर्चीवर बसून ती एकेक पाय सरळ उचलून धरते आणि मोठ्याने दहा आकडे मोजते. परवा कठड्याला धरून एक मजला उतरली आणि खालच्या काकूंची चकलीची भाजणी पाहून आली. कच्ची भाजली होती म्हणे.