पाय न सोडता झुकणं

रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली देवनागरी शिरोरेषेला टांगलेली. त्यामुळे पायांचं कौतुक त्यांनाच जास्त. अक्षराच्या टोकाला जी छोटी पट्टी असते ती सेरिफ, आणि ती चांगली जाड, चौकोनी असली की स्लॅब सेरिफ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात हे ठसे आले, ते जाहिराती लांबून दिसाव्यात म्हणून. टाइपरायटरचा कुरिअरही (१९५५) याच घराण्यातला. थोडक्यात, जाड बूट घातलेली अक्षरं.

इटॅलिकचा स्वभाव नेमका उलटा. १५०१ च्या सुमारास व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यात ते आलं, तेही हाताच्या लपेटदार लिखाणावरून. मग बूटवाल्यानं झुकायचं तरी कसं? पुष्कळदा सरळ अक्षर नुसतं तिरकं करतात. वाऱ्यानं कललेला विजेचा खांब जसा!

पीटर माथियास नोर्डझाय या डच माणसाच्या सेसिलियात (१९९०) मात्र तसं नाही. याचे वडील, खेरिट नोर्डझाय, हेगच्या कला अकादमीत अक्षरलेखन शिकवत. अक्षराचं मूळ लेखणीच्या फटकाऱ्यात आहे, हे त्यांचं सांगणं. सेसिलियाचं इटॅलिक पाहिलं की ते पटतं. अक्षरं थोडी अरुंद होतात, 'ए' हातानं लिहितो तसा एका पोटाचा होतो, पण रेघेची जाडी तीच. झुकतं, पण पाय सोडत नाही.

किंडल २००७ मध्ये आलं तेव्हा त्यावर हाच टाइप होता. बाबांना मोतीबिंदू झाल्यावर पुस्तकातल्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या. नाजूक इटॅलिक तर आधी पुसलं जायचं. किंडलवर मात्र अक्षर मोठं करून ते आईला वाचून दाखवत, आणि तिरका शब्द आला की आवाज बरोबर तिथेच चढे. लेखकानं कुठे जोर दिलाय, ते त्यांना पुन्हा दिसू लागलं होतं. वाचता येणं आणि सूर कळणं यात केवढं अंतर असतं, ते मला तेव्हा समजलं.

गंमत म्हणजे मराठीला याची फारशी गरजच पडत नाही. 'तूच गेला होतास' आणि 'तू गेलाच होतास' यातला फरक दाखवायला आपल्याला अक्षर वाकवावं लागत नाही. तो एवढासा 'च' पुरतो. संगणकावर देवनागरी तिरकी करता येते खरी, पण शिरोरेषा आडवीच राहते आणि खालचे काने तेवढे घसरल्यासारखे दिसतात. आपल्याला ते उसनं घ्यायची काही गरज नाही.

पण इंग्रजी वाचताना तिरका शब्द आला, की मी आता क्षणभर थांबते. तिथे कुणीतरी 'च' म्हटलेलं असतं.